विचारलेल्या प्रश्नाची जबाबदारी

पनवेलमध्ये मी बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवते. समुपदेशन हा माझ्या आवडीचा विषय. वर्गात शिकवण्यात गेला तितकाच वेळ विद्यार्थ्यांचे संशोधन-प्रकल्प पाहण्यात गेला. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग खुला केला आहे, त्यामुळे विशी-एकविशीतली मुलंमुली प्रश्नावल्या घेऊन आता आणखी मोठ्या संख्येने लोकांच्या दारात उभी राहतील. झोप लागते का, घरात भांडणं होतात का, जगणं नकोसं वाटतं का, हे ती अनोळखी माणसांना विचारतील. इतर विषयांत प्रकल्प चुकला तर गुण जातात. आमच्या विषयात समोरच्या माणसाला इजा होऊ शकते. या कामात जे समजत गेलं ते मांडते आहे. विद्यार्थ्यांनी वाचावं असं वाटतंच, पण मार्गदर्शक म्हणून ज्यांची सही प्रकल्पावर असते त्या माझ्या सहकाऱ्यांनी ते अधिक काळजीपूर्वक वाचावं.

१. विषय आपल्या तालुक्यात शोधावा

वर्ष सुरू झालं की विषयांच्या याद्या येतात. मोबाइलचं व्यसन आणि एकटेपणा, समाजमाध्यमं आणि आत्मसन्मान, परीक्षेचा ताण आणि झोप. यांतला एकही विषय टाकाऊ नाही. पण ते निवडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: तयार प्रश्नावली हाताशी असते आणि उत्तरं द्यायला वर्गमित्र असतात. दोन दिवसांत माहिती गोळा होते.

मानसशास्त्राला ही सवय जगभर जडलेली आहे. २०१० साली हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन या तीन संशोधकांनी दाखवून दिलं की माणसाच्या मनाविषयी आपण जे सर्वसाधारण नियम सांगतो ते मुख्यतः पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू समाजातल्या लोकांवरून, त्यातही पुष्कळदा तिथल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत. त्यांनी आधार घेतलेल्या एका पाहणीत अभ्यासलेल्या लोकांपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. आपल्याकडचं चित्रही पाहा. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, हे त्यातूनच पुढे आलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. मग पनवेलच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे कुणाला ठाऊक असणार?

आणि पनवेल म्हणजे अभ्यासाची खाणच आहे. १८५२ची ही नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. एकाच तालुक्यात कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक लावून रात्र काढणारे चालक आहेत, तळोजा एमआयडीसीत पाळीने काम करणारे कामगार आहेत, कामोठ्याच्या रुग्णालयांतल्या परिचारिका आहेत, खारघरच्या टोलेजंग इमारतींत मुलं परदेशी गेल्यामुळे एकटे राहिलेले आजी-आजोबा आहेत. डोंगराकडेच्या वाड्यांवर ठाकूर आणि कातकरी कुटुंबं आहेत. पहाटेची हार्बर लोकल पकडून रात्री परतणाऱ्या बायका आहेत. त्यांचा दिवस घरी आल्यावर पुन्हा सुरू होतो. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही त्यांतली काही. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं. गाव सुटलेल्या म्हातारीला नव्या वसाहतीत करमतं का, जुन्या शेजारणी आता किती लांब राहतात, घरातला देव कुठे गेला, हे एखाद्या विद्यार्थिनीने जाऊन नीट ऐकलं तर तो प्रकल्प कुठल्याही आयत्या प्रश्नावलीपेक्षा मोलाचा ठरेल. माझ्या वर्गात त्या गावांतलीच मुलं बसतात. आपल्या आजीच्या दुःखावर 'संशोधन' होऊ शकतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं हे शिक्षकाचं पहिलं काम आहे.

२. प्रश्नावली आधी मोठ्याने वाचून घ्यावी

इंग्रजीतली मापनपत्रिका मराठीत आणायची पद्धत ठरलेली आहे. एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही ताडून पाहायचं. विद्यार्थी एवढं करतात आणि थांबतात. खरी परीक्षा पुढे आहे. ज्या लोकांना आपण विचारणार त्यांच्यापैकीच चार-पाच जणांसमोर बसून एकेक प्रश्न मोठ्याने वाचावा आणि विचारावं, 'मावशी, यातून तुम्हाला काय समजलं? तुमच्या शब्दांत सांगा बघू.' बांधकामावर दिवसभर पाट्या उचलणाऱ्या बाईला थकवा येतो का असं विचारलं तर ती हो म्हणेलच, आणि त्या 'हो'वरून तिला नैराश्याचा एक गुण देणं अन्याय आहे. अशा वेळी प्रश्नाआधी तिचा दिवस समजून घ्यावा लागतो.

दुसरं, प्रश्नावली कुणाची आहे ते पाहावं. नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ सारखी साधनं विनामूल्य वापरता येतात, पीएचक्यू-९चं मराठी रूपही उपलब्ध आहे. बेक यांची नैराश्य मापनपत्रिका मात्र प्रकाशकाच्या हक्काची आहे. 'कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवली' हा परवाना नव्हे.

३. नवव्या प्रश्नाची तयारी नसेल तर पहिलाही विचारू नये

सगळ्या लेखात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची छोटी पत्रिका २००१ साली प्रसिद्ध झाली. मागच्या दोन आठवड्यांत काय काय वाटलं, हे ती विचारते. पहिले आठ प्रश्न उत्साह, झोप, भूक, एकाग्रता यांबद्दल असतात. नववा प्रश्न मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, याबद्दलचा आहे. ही पत्रिका गूगल फॉर्ममध्ये घालून, 'कृपया सर्वांनी भरा, माहिती गुप्त राहील' असा संदेश जोडून ती पाचशे जणांना पाठवणं पाच मिनिटांचं काम आहे. आता विचार करा. रात्री अकरा वाजता कुणीतरी एकटा बसून तो फॉर्म भरतो. नवव्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' असं उत्तर देतो. 'सबमिट' दाबतो. पडद्यावर 'आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे' असं येतं. बस्स.

त्या माणसाने कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच ती गोष्ट कुणालातरी सांगितली. ती त्याने आपल्याला सांगितली. आपण नाव विचारलं नाही म्हणून त्याला शोधता येत नाही, आणि पंधरा दिवसांनी आपण त्याचं उत्तर सरासरीत मिळवून टाकतो.

काही शिक्षक यावर उपाय म्हणून तो प्रश्नच वगळतात. मला ते पटत नाही. असं विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांनी खरी ठरवलेली नाही. कुणी शांतपणे विचारलं की पुष्कळांना मोकळंच वाटतं. शिवाय प्रश्न गाळला म्हणून त्या माणसाचा त्रास नाहीसा होत नाही. तेव्हा प्रश्न ठेवायचा असेल तर त्यामागे माणूस उभा करावा लागतो. माझ्याकडच्या प्रकल्पांसाठी मी काही अटी ठरवल्या आहेत. अशी पत्रिका समोरासमोर बसूनच भरून घ्यायची. भरून झाल्यावर विद्यार्थ्याने तिथेच नववं उत्तर पाहायचं. ते शून्य नसेल तर गप्पा थांबवून मला त्याच क्षणी फोन करायचा, त्या माणसाला एकटं सोडून निघून यायचं नाही. प्रकल्प सुरू होण्याआधीच जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून 'आमच्याकडून कुणी पाठवलं तर बघाल ना' हे ठरवून ठेवायचं. प्रत्येकाच्या हातात १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लिहिलेला कागद द्यायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा चोवीस तास चालते, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

गुप्ततेचं वचनही याच हिशेबाने द्यावं. 'कुणालाही सांगणार नाही' असं विद्यार्थी उत्साहात म्हणून बसतात. म्हणायचं ते असं: 'तुमचं नाव कुठेही येणार नाही. पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला माझ्या मॅडमना सांगावं लागेल.' हे आधीच सांगितल्यामुळे कुणी उठून गेल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट लोक जास्त विश्वासाने बोलतात. आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक हवी, कारण वस्त्यांमध्ये पोलिसांच्या भीतीने लोक गप्प राहतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं.

एवढी तयारी झेपत नसेल तर साधा, सौम्य विषय घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

४. सहीचा इतिहास असतो

संमतीपत्र म्हणजे प्रकल्पाला जोडायचा एक कागद, असं मुलांना वाटतं. आमच्या भागात त्या कागदाचं वजन फार वेगळं आहे. १९७० साली सिडको हे नगरनियोजन महामंडळ आलं. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचे जीव गेले, आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. ज्या घरांनी हे सोसलं त्या घरात विद्यार्थी जातो आणि पाच मिनिटांत म्हणतो, 'काकी, इथे सही करा.' काकी आत निघून जातात. 'लोक सहकार्य करत नाहीत' असं विद्यार्थी अहवालात लिहितो. तसं लिहिणं खोटं आहे. सहीने काय काय जाऊ शकतं हे त्या काकींनी आपल्या सासऱ्याच्या तोंडून ऐकलेलं असतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक सूचना अशा वेळी उपयोगी पडतात. सही करता येत नसेल किंवा करायची नसेल तर साक्षीदारासमोर तोंडी संमती घेता येते, तिची ध्वनिमुद्रित नोंद ठेवता येते. वय अठराच्या आत असेल तर पालकांची परवानगी हवीच, पण मुलाचीही वेगळी मान्यता हवी. बारा वर्षांपुढच्या मुलाची ती लेखी घ्यायची असते. शाळेत मुख्याध्यापकांनी 'घ्या, चाळीस मुलं आहेत' असं म्हटलं म्हणून चाळीस मुलांची संमती झाली, असं होत नाही.

आणि प्राध्यापकांनी स्वतःकडे पाहावं. आपलेच विद्यार्थी आपल्या संशोधनात 'स्वेच्छेने' भाग घेतात तेव्हा त्या इच्छेत अंतर्गत गुणांची भीती किती असते? माझं मत स्पष्ट आहे. ज्याला आपण गुण देणार आहोत त्याच्या मनाची माहिती आपण गोळा करू नये. करायचीच असेल तर ती दुसऱ्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्याने करावी आणि निकाल लागल्यानंतरच आपण पाहावी.

५. मुलाखत घेताना सल्ला देऊ नये

समुपदेशन शिकणाऱ्या मुलांना मदत करण्याची ओढ असते, ती चांगलीच आहे. पण समोरची ताई सासूबद्दल सांगायला लागली की आमची विद्यार्थिनी नकळत म्हणते, 'तुम्ही एकदा मोकळेपणाने बोलून बघा ना त्यांच्याशी.' इथे दोन्ही कामं बिघडतात. संशोधनासाठी आलेली माहिती तिथून पुढे वळण घेते, कारण ताई आता सल्ल्याला उत्तर देऊ लागते. आणि समुपदेशन म्हणून पाहिलं तर एका भेटीत, अर्ध्या माहितीवर दिलेला सल्ला धोक्याचाच. मदत लागते आहे असं दिसलं तर मुलाखत संपल्यावर, वही मिटून, कुठे जाता येईल ते सांगावं.

याच्याच दुसऱ्या बाजूबद्दल कुणी बोलत नाही. एकवीस वर्षांची मुलगी दुपारभर एका विधवा बाईची हकिगत ऐकून येते, बसमध्ये बसते, घरी जाऊन जेवू शकत नाही. प्रकल्पाच्या वेळापत्रकात तिच्यासाठी जागा नसते. क्षेत्रभेटीनंतर लगेच, जमलं तर त्याच संध्याकाळी, गटाने एकत्र बसून काय ऐकलं आणि आपल्याला काय झालं हे बोलायलाच हवं. तेव्हा शिक्षकाने आराखडा, नमुना, तक्ते यांचा विषय काढू नये.

६. ऐकलेलं जसंच्या तसं उतरवावं

कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली आपल्या पुस्तकात एका समुपदेशनाच्या सगळ्या बैठका ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून छापल्या. तोवर बंद दाराआड काय चालतं हे समुपदेशक सांगेल तेवढंच कळायचं. ते छापल्यावर कुणीही वाचून म्हणू शकत होतं की इथे समुपदेशक घाईने बोलला, इथे त्याने विषय बदलला. समुपदेशनातलं संशोधन खऱ्या अर्थाने सुरू झालं ते या कंटाळवाण्या, मेहनतीच्या कामातून, असं मी मानते.

आज फोनमध्ये आवाज नोंदवता येतो आणि यंत्रं त्याचा मजकूरही करून देतात. आगरी बोलीत, मध्येच रडत, मध्येच नातवाला हाक मारत बोलणाऱ्या आजीचं बोलणं यंत्राला धड कळत नाही. कळलं तरी मी विद्यार्थ्यांना हातानेच उतरवायला लावते. एका तासाच्या मुलाखतीला पाच-सहा तास लागतात, मुलं कुरकुरतात. पण हेडफोन लावून, मागे-पुढे करत उतरवताना त्यांना आपला स्वतःचा आवाज ऐकू येतो. बाई गप्प झाल्या होत्या, त्या गप्पपणात काहीतरी येऊ घातलं होतं, आणि आपण दुसऱ्याच क्षणी पुढचा प्रश्न टाकला, हे ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं त्याला समुपदेशनातल्या मौनावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

उतरवताना भाषा 'शुद्ध' करू नये. बोललेलं प्रमाण मराठीत आणलं की माणूस बदलतो. मग त्यातून आशयसूत्रं काढताना (ब्रॉन आणि क्लार्क यांनी २००६ साली मांडलेली पद्धत आता सगळीकडे वापरली जाते) आपण आपल्याच भाषेचं विश्लेषण करत राहतो. एका आशयसूत्राखाली किमान तीन वेगळ्या माणसांचे शब्द दाखवता आले पाहिजेत, असा माझा आग्रह असतो. नावं, गाव, नातेवाइकांचे उल्लेख बदलायचे ते यानंतर. छोट्या गावात 'सरपंचाची धाकटी सून' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं.

७. माणसं थोडी असतील तर दावेही थोडेच करावेत

साठ मुलं आणि साठ मुली, त्यावरून 'मुलींमध्ये चिंता अधिक असते असे सिद्ध झाले'. असं वाक्य दिसलं की मी पेन काढते. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते. पुन्हा केल्यावर ते ३६ टक्क्यांतच मिळाले. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या लोकांचं हे झालं, तर आपण 'दिसून आले' एवढंच म्हणावं. फरक मिळाला नाही तर तेही निर्भयपणे लिहावं, त्यासाठी गुण कापू नयेत.

८. छापण्याची घाई माणसाला खोटं करते

काही हजार रुपये भरा, आठ दिवसांत शोधनिबंध छापून मिळेल, सोबत प्रमाणपत्र. असे संदेश प्रत्येक प्राध्यापकाच्या फोनवर येतात. बढतीच्या गुणांचं गणित असं आहे की भले भले त्याला भुलतात, आणि विद्यार्थ्यांनाही तेच वळण लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली, २०२५ साली आयोगाने आपली नियतकालिकांची यादीही थांबवली. म्हणजे चांगलं-वाईट ओळखण्याची जबाबदारी आता पूर्णपणे आपल्यावर आहे. मी एक साधी कसोटी लावते: निबंध वाचून कुणीतरी आपल्याला अवघड प्रश्न विचारले का? एकही शंका न काढता स्वीकारला गेलेला निबंध कुणी वाचलेलाच नसतो.

त्याहून मला सलणारी गोष्ट नावांच्या क्रमाची आहे. विद्यार्थिनी वाड्यावस्त्या फिरते, रात्र रात्र उतरवते, आणि निबंधावर मार्गदर्शकाचं नाव आधी येतं. कधी कधी तिचं नाव येतच नाही. ही चोरी आहे. ज्याने काम केलं त्याचं नाव पहिलं. 'आविष्कार' ही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा २००६ पासून होते आहे, तिथे विद्यार्थी स्वतः आपल्या कामापुढे उभा राहून परीक्षकांना उत्तरं देतो. त्या दिवशी आपल्या कामाविषयी बोलताना त्याचा चेहरा पाहावा. कागदावरचं नाव कुणाचं असायला हवं, याची शंका उरत नाही.

९. मोठं काम साध्या जागी झालेलं आहे

'मॅडम, आपल्या कॉलेजात कसलं आलंय संशोधन, ते परदेशात होतं,' असं विद्यार्थी म्हणतात तेव्हा मी त्यांना गोव्याला घेऊन जाते, अर्थात फळ्यावरून. १९९६ साली गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगत' ही संस्था उभी केली. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, मग स्थानिक लोकांनाच थोडं प्रशिक्षण देऊन समुपदेशक करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. २४ दवाखाने घेतले, निम्मे सरकारी आरोग्य केंद्रं, निम्मे खाजगी डॉक्टरांचे. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत आलेल्या रुग्णांना या समुपदेशकांमुळे स्पष्ट फायदा झाला, खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. मला या अभ्यासाचं कौतुक आहे ते या दुसऱ्या निष्कर्षामुळेही. त्यांनी ते लपवलं नाही. पुढे त्याच संस्थेने सहा ते आठ बैठकांची एक सोपी पद्धत तयार केली, ती साध्या आरोग्य केंद्रांत तपासली, आणि २०१७ साली तिचाही गुण आला.

विदर्भातलं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. नैराश्य असलेल्या लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षाने २७.२ टक्के झालं. गावातलीच माणसं घरोघर जाऊन बोलली, त्यातून हे घडलं. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम मराठी मुलांसाठी केलं, ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या संस्थेने मानसिक आरोग्य मराठी घराघरांत पोचवलं. मुंबईत कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आत्मसात केली आणि ती इथल्या पिढ्यांना शिकवली. त्यासाठी टपालाची तिकिटं लागली आणि चिकाटी लागली.

पनवेल तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी महाविद्यालयाने पाच वर्षांचा करार करावा, दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांनी मागच्यांचं काम पुढे न्यावं, हे माझं स्वप्न आहे. दर वर्षी नवे वीस विषय सुरू करून वीस अहवाल कपाटात ठेवण्यापेक्षा एकच प्रश्न वीस जणांनी वर्षानुवर्षं धरून ठेवला तर त्यातून उपयोगी ज्ञान हाती येईल. शिक्षक बदलत नाहीत, विद्यार्थी बदलतात. म्हणून धागा शिक्षकाने धरायचा असतो.

१०. जे मिळालं ते परत नेऊन द्यावं

मुलाखत देताना लोक शेवटी हमखास विचारतात, 'याचं पुढं काय होणार?' आणि विद्यार्थी म्हणतात, 'कॉलेजात जमा करणार.' यावर लोकांचा चेहरा पडतो ते मी पाहिलं आहे. त्यांनी आपला वेळ दिला, आतलं काही बाहेर काढून दिलं. तेव्हा प्रकल्प संपल्यावर दोन पानांचा मराठी सारांश घेऊन त्याच वस्तीवर, त्याच समाजमंदिरात परत जायचं हा नियम मी केला आहे. कुणाचं नाव न घेता सांगायचं की आम्हाला असं असं कळलं, तुम्हाला पटतं का? लोक दुरुस्त्या सुचवतात. 'हे बरोबर, पण पाण्याचं तुम्ही लिहिलंच नाही,' असं एका बैठकीत बायकांनी सांगितलं. त्यांच्या मनावरचा ताण सुनेपेक्षा पहाटेच्या नळाशी जास्त जोडलेला होता. तो मुद्दा त्यानंतर अहवालात गेला आणि सगळ्या निष्कर्षाचं रूप बदललं.

म्हणून पनवेलकरांना माझी एक विनंती आहे. उद्या एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन तुमच्या दारात आली तर तिला आत बोलवा, पाणी द्या, आणि उत्तरं देण्याआधी विचारा: तुझे मार्गदर्शक कोण, त्यांचा फोन नंबर दे. मी सांगितलेलं कुठे ठेवणार? आणि काय कळलं ते आम्हाला सांगायला परत कधी येणार? तिने नीट उत्तरं दिली तर मोकळेपणाने बोला. नाही दिली तर रागावू नका. उत्तरं घेऊन ये, मग बोलू, असं सांगून तिला आमच्याकडे परत पाठवा.